खिडकीवरचे उत्तर आतल्या टेबलांवर तयार होते

वाचकाचे पत्र

मी शहराच्या पाणीपुरवठा विभागात सहायक अधिकारी आहे. नागरिकांच्या तक्रारी, चौकशीची खिडकी आणि लोकांशी होणारा पत्रव्यवहार हे काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. सध्या जुन्या जलवाहिन्या बदलण्याचे काम सुरू आहे आणि कोणत्या भागाचे पाणी केव्हा बंद राहणार, हे मला बहुतेक वेळा संतापलेल्या नागरिकांच्या फोनवरूनच कळते. अभियंत्यांना विचारले तर ‘काम झाले की पाणी सुरू होईल’ एवढेच उत्तर मिळते. वरिष्ठांचे म्हणणे असे की, जेवढे विचारले जाईल तेवढेच सांगावे आणि शक्यतो लेखी काही देऊ नये. मागच्या महिन्यात आम्ही ‘सूचना मागवण्यासाठी’ नागरिकांची बैठक घेतली. मात्र कामाचा मार्ग आणि क्रम दोन्ही आधीच मंजूर झालेले होते. बैठक संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी मला शांतपणे विचारले, ‘उपस्थितीच्या सह्यांसाठीच बोलावले होते ना आम्हाला?’ मला उत्तर देता आले नाही. माझे बोलणे कमी पडते आहे का? संवादकौशल्याचे एखादे प्रशिक्षण घ्यावे, की सरळ दुसऱ्या विभागात बदली मागावी?

– एक सहायक अधिकारी

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबलो. पाणी बंद असल्याचे तुम्हाला नागरिकांच्या फोनवरून कळते, हे ते वाक्य. अडचण आपल्या बोलण्यात आहे असे तुम्हाला वाटते. परंतु ज्या अधिकाऱ्यापर्यंत माहितीच पोहोचत नाही, त्याचे बोलणे कितीही मृदू असले तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उलट, गोड शब्दांतले पोकळ उत्तर माणसाला अधिक झोंबते, कारण आपली नुसती समजूत काढली जात आहे हे त्याला लगेच उमगते. खिडकीवर काय सांगता येईल, हे खिडकीमागच्या टेबलांवर ठरत असते. प्रशिक्षण जरूर घ्या, पण ते नंतर. आधी कार्यालयाच्या आत माहिती जिथे अडते ती जागा मोकळी करावी लागेल, आणि त्यातले बरेचसे काम तुमच्या हातातले आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रथम अभियंत्यांच्या बाजूने पाहू, कारण त्यांना आडमुठे ठरवून काहीच साधणार नाही. जमीन खोदल्यावर खाली काय निघेल, हे त्यांनाही ठाऊक नसते. नकाशात नसलेली जुनी जोडणी सापडते, एखादी झडप गंजून घट्ट बसलेली असते, नवा जोड बसवल्यावर पुन्हा गळती दिसते. ‘सहा वाजता’ असे सांगितले आणि आठ वाजले, की सगळा दोष त्यांच्या माथी येतो. असे दोन-तीनदा झाले की ‘काम झाले की’ हेच उत्तर सर्वांत सुरक्षित वाटू लागते. शिवाय ही माहिती तुमच्यापर्यंत पोहोचवणे हे त्यांच्यापैकी कोणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेले नसणार. जे कोणाचेच काम नसते ते राहून जाते. त्यासाठी कोणाच्या मनात वाईट असावे लागत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशाच एका कार्यालयात होतो आणि तुमच्यासारखाच चडफडत होतो. एके दिवशी पहाटे मी झडपा उघडणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर फिरायला निघालो. त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक लहान वही होती, कोपरे मळून काळे पडलेली. पानापानावर पेन्सिलीने नोंदी केलेल्या होत्या: कोणती झडप किती वाजता फिरवली, किती आटे फिरवले, शेवटच्या घरापर्यंत पाणी पोहोचायला किती वेळ लागला. ज्या प्रश्नाचे उत्तर मी तीन आठवडे तीन अधिकाऱ्यांकडे मागत होतो, ते त्या वहीत रोजच्या रोज लिहिले जात होते. त्याला ते कोणी विचारलेच नव्हते. पुढे पाळी संपताना तो आमच्या टेबलाशी येऊन दोन मिनिटे थांबू लागला, मी ऐकून घेऊन फळ्यावर लिहू लागलो, आणि खिडकीवरच्या मुलीला पहिल्यांदाच काही सांगण्यासारखे मिळाले. तुमच्या विभागातही अशी एखादी वही असणार. ती कोणाच्या खिशात आहे, हे आधी शोधा.

अभियंत्यांना प्रश्न विचारण्याची रीतही थोडी बदलून पाहा. ‘पाणी केव्हा सुरू होईल?’ असा प्रश्न आला, की समोरच्याला त्यात वचन मागितल्यासारखे वाटते आणि तो सावध होतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: लवकरात लवकर केव्हा, उशिरात उशिरा केव्हा, आणि नेमका अंदाज तुम्ही मला किती वाजता देऊ शकाल. यातली तिसरी सर्वांत मोलाची आहे. पाणी केव्हा येणार हे ठाऊक नसले तरी चालते. पण पुढची बातमी चार वाजता मिळेल एवढे कळले, तरी घरात आजारी माणूस किंवा तान्हे मूल असणाऱ्याला आपला दिवस आखता येतो. ही तीन उत्तरे, बंद राहणारा भाग आणि जागेवर असलेल्या जबाबदार माणसाचे पद, एवढे एका चिठ्ठीवर मावते. ती चिठ्ठी काम सुरू होण्यापूर्वी तुमच्या टेबलावर आली पाहिजे, असा नियम लेखी करून घ्या. सुरुवातीला ती तुम्हाला स्वतः जाऊन भरून आणावी लागेल. त्यात कमीपणा मानू नका. चिठ्ठीवर तुमचे नाव ‘माहिती देणार’ म्हणून असू द्या, म्हणजे अंदाज चुकला तर फोन तुमच्याकडे येतील आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसाला काम करता येईल, हे त्यांना दिसेल. माझ्या अनुभवात याच एका गोष्टीमुळे अभियंते मोकळेपणाने बोलू लागतात.

तुमच्या हाताखाली खिडकीवर बसणाऱ्यांविषयी तुम्ही पत्रात काहीच लिहिलेले नाही. लोकांचा राग प्रत्यक्ष अंगावर झेलतात ते तेच. त्यांना एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगून ठेवा: ‘मला आत्ता माहीत नाही, अमुक वाजेपर्यंत विचारून सांगतो’ असे म्हणण्याची त्यांना पूर्ण मुभा आहे आणि तसे म्हटल्याबद्दल त्यांना कोणी बोल लावणार नाही. ही मुभा नसली की माणूस वेळ मारून नेण्यासाठी काहीतरी ठोकून देतो, आणि त्या ‘काहीतरी’ची किंमत पुढचे सहा महिने विभाग मोजत राहतो. मात्र, ज्या वाजेपर्यंत सांगू म्हटले त्या वेळी, उत्तर मिळालेले नसले तरी, फोन गेलाच पाहिजे.

आतला दुसरा रस्ता उलट दिशेचा आहे आणि तो बहुतेक कार्यालयांत बंदच असतो. नागरिकांनी सांगितलेले अभियंत्यांपर्यंत पोहोचते का? तक्रार नोंदवही ही निकाली काढायच्या प्रकरणांची यादी आहे असे आपण समजतो. परंतु शहरभरच्या नळांवर चोवीस तास बसलेल्या निरीक्षकांनी कोणताही मोबदला न घेता लिहून दिलेला तो अहवाल असतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात काय झाले, ते आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी तिथला पुरवठा डेट्रॉइटच्या व्यवस्थेवरून काढून फ्लिंट नदीवर नेण्यात आला, पण जलवाहिन्या आतून झिजू नयेत म्हणून पाण्यावर करावी लागणारी प्रक्रिया केली गेली नाही. पाण्याला रंग आणि वास येत असल्याच्या आणि अंगावर पुरळ उठत असल्याच्या तक्रारी लवकरच सुरू झाल्या; लोक बाटल्यांत तपकिरी पाणी भरून सभांना घेऊन येत होते. पाणी सुरक्षित आहे, हेच उत्तर त्यांना पुन्हा पुन्हा मिळत राहिले. शिसे डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. लोकांना दिसत होता तो लोखंडाचा गंज. परंतु गंज आणि शिसे एकाच कारणाने, वाहिन्या आतून झिजत असल्याने, पाण्यात उतरत होते. म्हणजे ज्या तक्रारीकडे रंगाची तक्रार म्हणून दुर्लक्ष झाले, तिच्यातच खऱ्या संकटाची खूण होती. २०१५ च्या उत्तरार्धात व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी रहिवाशांच्याच मदतीने नमुने तपासले, मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे वाढलेले प्रमाण मांडले, आणि ऑक्टोबरमध्ये शहराला पुन्हा डेट्रॉइटचे पाणी घ्यावे लागले. दीड वर्ष लोक सांगत होते.

म्हणून आठवड्यातून एकदा तुमच्या नोंदवहीतल्या तक्रारी व्यक्तिनिहाय न मांडता गल्लीनिहाय मांडा आणि तो कागद अभियंत्यांना द्या. एकाच वाहिनीवरच्या अकरा घरांतून गढूळ पाण्याची तक्रार आली आहे, असे दिसले तर कोणताही जाणता अभियंता जागेवर जाईल. तीच अकरा पत्रे अकरा वेगवेगळ्या दिवशी अकरा शेऱ्यांसह गेली, तर ती अकरा वेळा निकाली निघतील आणि गळती तिथेच राहील.

आता तुमच्या वरिष्ठांकडे वळतो. ‘जेवढे विचारले तेवढेच’ या सूचनेमागे भीती आहे आणि ती निराधार नाही, हे आधी मान्य करा. अधिकाऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द संस्थेचा शब्द ठरतो. अंदाज म्हणून सांगितलेली तारीख उद्या आश्वासन म्हणून समोर येते. त्यामुळे त्यांच्याशी पारदर्शकता, लोकाभिमुखता अशा मोठ्या शब्दांत वाद घालू नका. त्यांना त्यांच्याच कामाच्या भाषेत दाखवा. पुढच्या महिन्याभरात आधी सूचना देऊन केलेल्या आणि सूचना न देता केलेल्या पाणीबंदच्या दिवशी किती फोन आले, किती माणसे खिडकीवर आली, किती तक्रारी वरपर्यंत गेल्या, एवढेच मोजा आणि अर्ध्या पानाच्या टिप्पणीत मांडा. आकडे तुमचे, तुमच्याच नोंदवहीतले असतील. ते काहीही निघाले तरी प्रामाणिकपणे लिहा. टिप्पणीच्या शेवटी मोठा प्रस्ताव ठेवू नका. एकाच भागात, सहा आठवडे, आधी सूचना देऊन पाहू, इतकीच परवानगी मागा. लेखी देण्याची भीती असेल तर ‘अंदाज’ आणि ‘निश्चित’ हे दोन शब्द प्रत्येक सूचनेत वेगवेगळे छापले जातील, असे त्यांना सांगा. अंदाज म्हणून जे लिहिले ते अंदाज म्हणूनच वाचले जावे, यासाठी एवढे बहुधा पुरेसे होते.

पत्रव्यवहाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे तुम्हाला कोणाच्या परवानगीची फारशी गरज नाही. तुमच्या कार्यालयातून जाणारे एखादे उत्तर साधारण असे असणार: ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर प्रकरणी संबंधित विभागास योग्य त्या कार्यवाहीस्तव कळविण्यात आले असून पुढील उचित कार्यवाही करण्यात येत आहे.’ या वाक्यात काम करणारा माणूस कुठेच नाही. कोणी कळवले, कोणाला कळवले, काय करणार, केव्हा करणार, यांपैकी काहीही त्यात नाही आणि तरीही ते आवक-जावक नोंदीत ‘उत्तर दिले’ म्हणून जमा होते. आपली कार्यालयीन मराठी अशुद्ध आहे असे मला म्हणायचे नाही. ‘करण्यात येत आहे’ या रचनेत कर्त्याला लपण्याची सोय आहे आणि आपण तिची सवय लावून घेतली आहे, हे माझे दुःख आहे.

त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘तुमच्याकडे चार दिवसांपासून पाणी कमी दाबाने येत आहे, ही तुमची तक्रार आम्हाला सोमवारी मिळाली. मंगळवारी आमच्या पथकाने पाहणी केली तेव्हा मुख्य वाहिनीच्या जोडाजवळ गळती आढळली. दुरुस्तीसाठी शुक्रवारी सकाळी नऊपासून पाणी बंद राहील. ते दुपारी तीनपर्यंत सुरू होईल असा अंदाज आहे. काम लांबणार असल्यास दुपारी एक वाजता आम्ही तुम्हाला कळवू. शनिवारीही दाब कमी असेल तर या पत्राचा क्रमांक सांगून आमच्याशी संपर्क साधा, नव्याने अर्ज करण्याची गरज नाही.’ आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने २०२३ मध्ये सोप्या भाषेसाठी एक मानक प्रसिद्ध केले. वाचणाऱ्याला हवे ते त्यात असावे, ते चटकन सापडावे, समजावे आणि त्याला त्याचा उपयोग करता यावा, ही त्याची चार सूत्रे आहेत. वरचे दुसरे पत्र या चारही कसोट्यांना उतरते. परंतु तुम्ही ते लिहायला बसाल तेव्हा तुमच्या लक्षात येईल की त्यातले प्रत्येक वाक्य लिहिण्यासाठी आतल्या कोणाकडून तरी काहीतरी विचारून आणावे लागते. ‘उचित कार्यवाही’ लिहायला कोणाला काही विचारावे लागत नाही, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकून आहे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाने तुम्ही अस्वस्थ झालात, हे मला तुमच्या पत्रातले सर्वांत आशादायक वाटले. त्यांनी विचारले ते खरेच होते. शेरी अर्नस्टाईन या अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्यात काम केलेल्या अभ्यासिकेने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचा नुसता देखावा असतो, मधल्या तीन पायऱ्यांवर लोकांना सांगितले जाते, विचारले जाते, शांत केले जाते, पण निर्णय हलत नाही. आणि वरच्या तीन पायऱ्यांवरच लोकांच्या हाती काही अधिकार येतो. त्या लेखात त्यांनी फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांचे एक भित्तिपत्रक दिले आहे. त्यात ‘सहभागी होणे’ हे क्रियापद शाळेतल्या व्याकरणासारखे चालवून दाखवले आहे: मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, तो सहभागी होतो, आम्ही, तुम्ही, आणि शेवटी ‘ते’ आले की क्रियापदच बदलते: ते फायदा घेतात. तुमच्या बैठकीतल्या गृहस्थांनी तेच एका वाक्यात म्हटले.

प्रत्येक निर्णय लोकांवर सोपवावा, असे मी म्हणत नाही. वाहिनीचा व्यास किती असावा, हे हात वर करून ठरवण्याची गोष्ट नव्हे. परंतु बैठक बोलावण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला आणि वरिष्ठांना विचाराच: लोकांनी काहीही सांगितले तरी यातले काय बदलू शकते? काहीच बदलू शकत नसेल, तर ती माहिती देण्याची सभा आहे असे निमंत्रणातच लिहा. लोक तिलाही येतात आणि फसवले गेल्याचे दुःख घेऊन परत जात नाहीत. पण बहुतेक वेळा बदलण्यासारखे बरेच काही शिल्लक असते. तुमच्याच कामात मार्ग आणि क्रम ठरलेला असला, तरी पाणी दिवसाच्या कोणत्या वेळी बंद ठेवायचे, सूचना कशी द्यायची, पर्यायी पाणी कुठे उभे करायचे, कोणत्या घरांना आधी व्यक्तिशः कळवायचे, खोदलेला रस्ता किती दिवसांत पूर्ववत करायचा, हे सारे अजून मोकळे असणार, आणि ज्यांच्या दारात खड्डा पडणार आहे त्यांच्याइतके याबद्दल कोणालाच कळत नाही. बैठकीच्या वेळी कामावर असणारे, घर सोडता न येणारे, चारचौघांत न बोलणारे यांच्याकडे मात्र तुम्हालाच जावे लागेल. बैठकीला येतात तेवढेच नागरिक, असे धरून चालू नका.

ब्राझीलमधल्या पोर्तु अलेग्री शहराने १९८९ पासून नागरिकांना अंदाजपत्रकातल्या कामांचा अग्रक्रम ठरवण्यात सामील करून घेतले, याचा उल्लेख अशा चर्चांत नेहमी होतो. त्या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. वर्षाच्या सुरुवातीच्या सभांमध्ये प्रशासन आधी गेल्या वर्षी ठरलेल्या कामांचा हिशेब देत असे, आणि मग नव्या मागण्या पुढे येत. लोक पुन्हा का येतात, याचे उत्तर मला त्या क्रमात दिसते. तुम्ही मागच्या महिन्यात घेतलेल्या बैठकीचा हिशेब अजून दिलेला नाही. कोणती सूचना आली, तिचे काय झाले, जी घेता आली नाही ती का घेता आली नाही, हे एका पानावर लिहून उपस्थितांना पाठवा. ज्या सह्यांचा त्या गृहस्थांनी उल्लेख केला, त्याच सह्यांच्या कागदावर त्यांचे पत्ते असतील.

बदली मागायची की नाही, हा निर्णय तुमचाच आहे. माझे मत विचारलेत म्हणून सांगतो: आत्ता मागू नका. चिठ्ठी, गल्लीनिहाय तक्रारींचा कागद आणि एका भागातले सहा आठवडे, एवढे करून पाहा. यासाठी तुम्हाला नवे पद लागत नाही. मात्र जे खरे नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, ते नागरिकांना लेखी कळवा असे कोणी सांगितले, तर तिथे थांबा, तो आदेश लेखी मागा आणि सही करू नका. तशी वेळ वारंवार येऊ लागली तर जरूर बाहेर पडा. त्यात पळपुटेपणा नाही.

आणि त्या वृद्ध गृहस्थांचे पत्र टपालात टाकू नका. स्वतः नेऊन द्या, शक्य असेल तर जागेवर काम करणाऱ्या अभियंत्यांना बरोबर घेऊन. बैठकीत मार्ग आणि क्रम आधीच ठरलेला होता आणि ते आम्ही सांगायला हवे होते, हे त्या पत्राचे पहिले वाक्य असू द्या. त्यानंतर अजून काय ठरायचे आहे ते सांगा आणि त्यांना काय वाटते ते विचारा. ते बोलू लागले की वही काढून लिहून घ्या, आणि निघण्यापूर्वी उत्तर घेऊन कोणत्या दिवशी परत याल, तो दिवस त्यांना सांगा.